औंदा वारो कोणाचो? सर्व्हेतला फरक खरा की योगायोगाचा

मंडळी, निवडणूक जवळ आली की मोबाईलवर सर्व्हे फिरायला लागतात. "किनारपट्टी अमक्याच्या मागे, आतली गावं तमक्याच्या." "बायकांचा कौल इकडे, तरुणांचा तिकडे." चार दिवसांत तेच खरं धरून मालवणच्या बाजारात बोलणं सुरू होतं. मग "ती वाडी आपली नाहीच" असा शिक्का बसला की तिथे उमेदवार फिरकत नाही आणि तिथल्या जेटीचं, पाण्याचं कोणी विचारत नाही. म्हणून हे आकडे तपासायची रीत कुठून आली, ते समजून घेऊया.

मतपेटी फक्त "किती" ते सांगते. वेंगुर्ल्याचे बॅ. नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीनदा राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर गेले. पण त्यांना मत देणारे कोण होते, खलाशी की शेतकरी, हे मतपत्रिकेवर लिहिलेलं नसतं. ते कळायला माणसांना विचारावं लागतं. पुणे विद्यापीठाचे प्रा. व. म. सिरसीकर यांनी १९६२ च्या निवडणुकीत पुण्याच्या मतदारांचा असाच अभ्यास केला आणि १९६५ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. आपल्या राज्यातल्या मतदार-अभ्यासाची ती सुरुवातीची पावलं.

पण थोड्याच माणसांना विचारलं की प्रश्न येतो: दोन गटांत दिसलेला फरक खरा, की योगायोगाने आलेला? याचं उत्तर लंडनच्या कार्ल पिअर्सनने १९०० साली दिलं. त्याच्यासमोर मतदार नव्हते, फासे होते! वेल्डन नावाच्या प्राध्यापकाने १२ फासे २६,३०६ वेळा टाकून नोंदी ठेवल्या होत्या. पाच आणि सहा जरा जास्तच पडत होते. हे नशीब की फाशातली खोट, हे ठरवायला पिअर्सनने जी चाचणी काढली, तीच काय-स्क्वेअर. उत्तर आलं: फाशातच खोट.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. आकडे माझे, फक्त समजण्यापुरते. किनाऱ्यावरच्या १०० जणांना विचारलं, ५८ जण एका उमेदवाराच्या बाजूने. आतल्या गावांतल्या १०० पैकी ४८. फरक १० चा. लगेच मथळा: "किनारा वेगळा!" थांबा. दोन्हीकडे मत सारखंच असतं, तर प्रत्येकी ५३ अपेक्षित होते. प्रत्येक खान्यात प्रत्यक्ष आणि अपेक्षित यातला फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, अपेक्षित आकड्याने भागायचं आणि चारही खान्यांची बेरीज करायची. बेरीज येते साधारण २. अशा दोन-बाय-दोन तक्त्याला नेहमीची मर्यादा आहे ३.८४. म्हणजे एवढा फरक नुसत्या योगायोगानेही सहज पडू शकतो. हीच टक्केवारी प्रत्येकी ४०० जणांत आली असती, तर बेरीज ८ झाली असती. मग मात्र फरकाची दखल घ्यावी लागली असती.

गंमत म्हणजे ही मर्यादा कशी धरायची, यात खुद्द पिअर्सन चुकला होता. १९२२ मध्ये फिशरने ते दुरुस्त केलं. या कामात मराठी माणूसही आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे लंडनला शिकले, १९३८ मध्ये काय-स्क्वेअरवर त्यांचा निबंध आला आणि पुढे पिकांच्या नमुना पाहण्यांत त्यांनी मोठं काम केलं.

आता महत्त्वाचं. माणसं कशी निवडली, हे ही चाचणी तपासत नाही. १९३६ मध्ये अमेरिकेच्या 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने सुमारे १ कोटी कार्डं पाठवली, २० लाखांहून जास्त उत्तरं आली आणि भाकीत केलं की लँडन जिंकणार. जिंकला रूझवेल्ट, ४८ पैकी ४६ राज्यांत! नावं मुख्यतः टेलिफोन आणि मोटारगाड्यांच्या याद्यांतून घेतलेली, म्हणजे खिशात पैसा असलेल्यांची. शिवाय उत्तर पाठवलं ते ज्यांना वाटलं त्यांनीच. गॅलपने त्यापेक्षा खूपच कमी माणसं विचारून निकाल बरोबर सांगितला. आपल्या व्हॉट्सॲप पोलचं तेच आहे. ग्रुपमधल्यांनीच बटण दाबायचं, आणि पहाटे होडी घेऊन गेलेला माणूस त्यात नाहीच.

आणखी एक मेख आहे. वीस प्रश्न विचारून वीस वेळा चाचणी लावली, तर खरा फरक कुठेच नसतानाही एखादा सरासरीने मर्यादा ओलांडतोच. मथळा नेमका त्याचाच होतो.

तेव्हा पुढचा सर्व्हे फॉरवर्ड करायच्या आधी तीनच गोष्टी विचारा. प्रत्येक गटात किती जणांना विचारलं? ते निवडले कसे? आणि एकूण प्रश्न किती होते, त्यातले छापले किती? उत्तर मिळालं नाही, तर तो सर्व्हे तिथेच थांबवा.

तुमच्याकडे सध्या कुठला सर्व्हे फिरतोय? त्यात माणसांची संख्या दिलीय का, कमेंटमध्ये सांगा.