नोंदवहीतलं नाव : श्वसनोपचारकांच्या मान्यतेची गोष्ट

आजचा विषय कळल्यावर एकदोघांनी मला विचारलं, सर, तत्त्वज्ञानाचा माणूस अतिदक्षता विभागात कशाला शिरतोय? प्रश्न रास्त आहे. 'अमक्याला अमुक गोष्ट येते' हे कुणी ठरवायचं आणि कशाच्या आधारावर, हा आमच्या शास्त्रातला फार जुना प्रश्न. रेस्पिरेटरी थेरपिस्टच्या कामात तो अक्षरशः श्वासाशी येऊन भिडतो. आपण त्यांना श्वसनोपचारक म्हणू. ऑक्सिजन देणं, श्वासमार्गातला कफ काढणं, व्हेंटिलेटर सांभाळणं आणि रुग्ण सुधारला की त्याला हळूहळू त्यावरून उतरवणं, हे त्यांचं काम.

गोष्ट कोपनहेगनपासून सुरू करू. 1952 साली तिथे पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगदाम रुग्णालयात पहिल्या तीन आठवड्यांत श्वसन किंवा गिळणं बंद पडलेल्या 31 रुग्णांपैकी 27 दगावले. तेव्हा बियॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने सुचवलं, की गळ्याला छेद देऊन नळी बसवू आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसात हवा भरू. ऑगस्टच्या अखेरीस 12 वर्षांच्या एका मुलीवर हा प्रयोग झाला. ती वाचली. मग पाळ्या लावून सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी महिनोन्‌महिने रात्रंदिवस पिशव्या दाबल्या आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं.

आता बघा, त्या मुलांपैकी कुणाकडे परवाना होता? नव्हता. कुणी विचारलाही नाही, कारण आणीबाणी होती आणि जाणते डॉक्टर जवळ होते. पण पुढे पिशवीच्या जागी यंत्र आलं, आणीबाणी हा रोजचा व्यवहार झाला आणि डॉक्टर खाटेपासून लांब गेले. रात्री दोन वाजता यंत्राशेजारी उभा असलेला माणूस कोण, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

अमेरिकेत या व्यवसायाची वाट ऑक्सिजनच्या सिलिंडरमागून निघाली. रुग्णालयात सिलिंडर ढकलत नेणारे, नळ्या जोडणारे कामगार, हे या मंडळींचे पूर्वज. 1947 मध्ये शिकागोत त्यांची संघटना स्थापन झाली. 1960 मध्ये परीक्षा घेऊन नाव नोंदणारी एक स्वतंत्र संस्था उभी राहिली. सिस्टर मेरी इव्हॉन जेन या तिच्या पहिल्या नोंदणीकृत थेरपिस्ट. पण एक लक्षात घ्या, ही परीक्षा ऐच्छिक होती. ती न देणाऱ्यालाही रुग्णालय खुशाल कामावर ठेवू शकत होतं. सरकार या चित्रात कुठेच नव्हतं.

साधारण त्याच सुमारास, 1962 मध्ये, मिल्टन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञाचं 'कॅपिटॅलिझम अँड फ्रीडम' हे पुस्तक आलं. व्यवसायांवरच्या नियंत्रणाच्या त्यात त्याने तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली नोंदणी : फक्त यादीत नाव लावायचं. दुसरी प्रमाणपत्र : कसब आहे असा दाखला मिळतो, पण दाखला नसलेल्यालाही काम करता येतं. तिसरी परवाना : तो नसेल तर काम करणं हाच गुन्हा. फ्रीडमनचं म्हणणं, तिसऱ्या पायरीवर व्यवसायातली मंडळी दार आतून लावून घेतात, माणसं कमी राहतात आणि दर वाढतात. डॉक्टरांच्या परवान्यालासुद्धा त्याचा विरोध होता. गिऱ्हाइकाला माहिती द्या, निवड त्याची तो करेल, हा त्याचा युक्तिवाद.

हा युक्तिवाद मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवला आणि त्यातला पहिला भाग मला अजूनही पटतो. परवान्याच्या नावाखाली मक्तेदारी उभी राहते, हे खरंच आहे. पण दुसऱ्या भागात एक गृहीतक दडलेलं आहे. गिऱ्हाईक शुद्धीवर आहे, बोलू शकतं आणि उठून दुसऱ्या दुकानात जाऊ शकतं, असं ते गृहीतक. व्हेंटिलेटरवरच्या माणसाच्या घशात नळी असते. 'बाबा रे, तुझं शिक्षण काय?' हे तो विचारणार कसा? त्याच्या वतीने हा प्रश्न आधीच कुणीतरी विचारून ठेवलेला असावा लागतो. राज्यसंस्थेने या कामात पडण्याचं खरं समर्थन मला एवढंच दिसतं, आणि ते पुरेसं आहे.

1982 मध्ये कॅलिफोर्नियाने श्वसनोपचारकांसाठी परवान्याचा कायदा केला. मग एकामागून एक राज्यं आली. हवाई 2010 मध्ये आलं, अलास्का मात्र बाहेरच राहिलं. परीक्षा आजही व्यवसायाचं स्वतंत्र मंडळ घेतं आणि परवाना राज्य देतं. परीक्षा घेणारा वेगळा आणि परवाना काढून घेऊ शकणारा वेगळा, ही विभागणी मला शहाणपणाची वाटते.

कॅनडातल्या ओंटारियोने आणखी एक पाऊल टाकलं. तिथल्या 1991 च्या कायद्यानुसार या व्यवसायाचं नियमन करणाऱ्या संस्थेच्या कारभारात व्यवसायाबाहेरचे, सरकारने नेमलेले नागरिकही बसतात. नोंदवही सर्वांना पाहता येते. आतून दार लावायच्या फ्रीडमनच्या भीतीवर हा एक व्यवहारी उपाय झाला. दार असू द्या, पण खोलीत बाहेरची दोन माणसं बसवा.

आता आपल्याकडे वळू. भारतात हा प्रश्न फार काळ लोंबकळत राहिला. करोनाच्या काळात व्हेंटिलेटर किती आले याचे आकडे आपण रोज ऐकत होतो. ते चालवणारे हात किती, हे क्वचितच कानावर आलं. त्याच काळात, 28 मार्च 2021 रोजी, संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याच्या अनुसूचीत श्वसन तंत्रज्ञ आहेत. संलग्न व्यावसायिकासाठी किमान 2000 तासांचं शिक्षण आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान 3600 तासांचं, अशी अट आहे. केंद्राची नोंदवही आणि राज्यांच्या परिषदा, अशी रचना आहे.

इथे एक अवघड गोष्ट सांगायलाच हवी. तालुक्याच्या गावी पंधरा वर्षं यंत्र सांभाळणारा, पदविका नसलेला एखादा माणूस असतो. अलार्म कोणत्या सुरात वाजला यावरून बिघाड नळीत आहे की छातीत, हे त्याला कळतं. त्याला तास मोजून बाहेर काढणं हा अन्याय, आणि न तपासता आत घेणं हा रुग्णावर अन्याय. मार्ग एकच : त्याचं कसब खाटेशेजारी तपासा, कमी पडेल ते शिकवा आणि मग नाव लिहा. सिलिंडर ढकलणाऱ्यांपासूनच हा व्यवसाय घडला, हे विसरून चालणार नाही.

शेवटचा मुद्दा. नोंदवहीत नाव लागलं की माणूस प्रतिष्ठित झाला, असं आपण समजतो, आणि अर्ज भरायची घाई त्यासाठीच असते. पण ज्या नोंदवहीतून नाव कधीच खोडलं जात नाही, ती नुसती यादी. चूक झाली तर जाब कुणाला विचारायचा, याचा पत्ता तिच्यात मिळाला पाहिजे. बोलू न शकणाऱ्या माणसाच्या नातेवाइकांना तेवढा तरी हक्क आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.