कलदारचा तोळा

धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचे नाही. आपल्याकडे 'लाभ' म्हणत, उर्दू बोलणारा मापारी 'बरकत' म्हणे. हैदराबादच्या बरकतपुऱ्यात बसून तोलामापावर लिहायचे, तर पहिले माप हेच.

आमच्या घरी सोने तोलायला वजने नव्हती. आजीच्या पितळी डबीत एक कलदार, म्हणजे इंग्रजी अमलातला, रुपया आणि मूठभर गुंजा असत. एका पारड्यात दागिना, दुसऱ्यात रुपया. कमीजास्त असेल ते काळ्या तोंडाच्या लाल गुंजांनी भरून काढायचे. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. हा मासा पाण्यातला नव्हे. संस्कृत 'माष' म्हणजे उडीद. उडदाचा दाणा गुंजेहून हलका, पण त्याच्या नावाचे वजन मात्र गुंजेच्या आठपट! भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (1150) मासा पाचच गुंजांचा आहे, आणि सोळा माशांचा कर्ष. मासा पुढे फुगला. 'तोळा' शब्दाचे कूळ त्या मानाने सरळ: 'तुल्', म्हणजे तोलणे.

हा तोळा कंपनी सरकारने 1833 साली 180 ग्रेनला, म्हणजे 11.664 ग्रॅमला बांधून टाकला. 1835 च्या कायद्याने रुपया तेवढाच आणि सोन्याची मोहोरही तेवढीच. दोन्हींत बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध धातू. वजन तेच, कस तोच. तरी रुपया रुंदीला 30 मिलिमीटरच्या वर, मोहोर 26 च्या आसपास. घनता शिकवायला याहून चांगले साधन मला माहीत नाही. चांदी पाण्याच्या साडेदहा पट जड, सोने 19.3 पट. तांबे नवाच्या जरा खाली, शिसे 11.3. 'शिशासारखे जड' आपण म्हणतो खरे, पण सोने मूठभर हातात घ्यायला मिळते कुणाला?

आर्किमिडीजची युक्ती इथेही चालते. 20 ग्रॅम शुद्ध सोने दोऱ्याने पाण्यात टांगून तोलले, तर जेमतेम ग्रॅमभर कमी भरते. तांबे सव्वादोन ग्रॅम. आजीची बोरमाळ मात्र या परीक्षेत नापास होईल. सोने खरे, पण मणी आतून लाखेने भरलेले. उलट टंगस्टन, घनता 19.25, सोन्याचा मुलामा देऊन खुशाल पास होते. म्हणून सराफ पाण्यावर विसंबला नाही. त्याने कसोटीचा दगड जवळ ठेवला. तोही फक्त पृष्ठभागच ओळखतो. हॉलमार्कची सक्ती जून 2021 मध्ये सुरू झाली. त्यातले 916 म्हणजे 24 पैकी 22 भाग सोने, अर्थात बारातले अकरा. कलदारचाच कस.

कलदार हा शब्द निजामाच्या मुलखात जपून वापरावा लागे, कारण इथला रुपया हाली. तो हलका, आणि चांदीही कमी. 100 कलदारला 116 रुपये 10 आणे 8 पै हाली मोजायचे. आता गंमत बघा. 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापे आणली, बोलण्यातला तोळा दहा ग्रॅमचा झाला, आणि जुने 100 तोळे आजचे 116.64 झाले. जवळजवळ तोच भाव! निव्वळ योगायोग, पण हैदराबादी मराठी माणसाला हा हिशेब तोंडपाठ असल्यासारखा वाटतो.

घरात मेट्रिकच्या आधीची यादी असेल आणि तिच्यात कलदारच्या वजनाने 'पाच तोळे' लिहिले असतील, तर 50 ग्रॅमवर समाधान मानू नका. 58.32 ग्रॅम भरायला हवेत.