लहान घरात सायकल ठेवायची कुठे?

वाड्यांच्या काळात पुणेकरांना हा प्रश्न फारसा पडत नसे. दिंडी दरवाजातून सायकल आत घ्यायची, चौकातल्या भिंतीला टेकवायची, की काम संपले. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, तळमजल्याची जागा आधी स्कूटरने आणि नंतर मोटारीने व्यापली आणि सायकलीवर जिना चढण्याची वेळ आली. २०२० च्या टाळेबंदीनंतर अनेक घरांत हौसेने नवी सायकल आली. त्यातल्या कितीतरी आज बाल्कनीत, कपड्यांच्या दोरीखाली धूळ खात उभ्या आहेत. त्याचे कारण नेहमीच आळस असते असे नाही. आधी टीपॉय सरकवायचा, वाळत घातलेले कपडे बाजूला करायचे आणि मग हँडल पडद्यात अडकू न देता सायकल दारापर्यंत आणायची, हे रोज सकाळी सहा वाजता कोणाकडूनही होत नाही. म्हणूनच घरात जागा शोधताना 'सायकल कुठे मावेल?' या प्रश्नाआधी 'ती कुठून सहज बाहेर निघेल?' हा प्रश्न विचारायला हवा.

आधी मापे घ्यावीत

प्रौढांची सायकल साधारण पावणेदोन मीटर लांब आणि एक मीटरहून थोडी अधिक उंच असते. सरळ हँडलची रुंदी ६० ते ७० सेंटीमीटर भरते. पारंपरिक काळ्या सायकलीचे वजन २० किलोच्या आसपास, तर गिअरच्या हायब्रीड सायकलीचे १२ ते १५ किलो असते. दाराची रुंदी, जिन्याचे वळण आणि लिफ्टची खोली मोजल्याशिवाय स्टँड विकत घेऊ नये. लिफ्ट लहान असल्यास सायकल मागच्या चाकावर उभी करून नेता येते. सायकल घरातल्या सर्वात कमी ताकदीच्या व्यक्तीलाही वापरायची असेल, तर ती उचलून टांगण्याचा मार्ग बाद ठरतो.

भिंतीवर आडवी की उभी?

भिंतीवर सायकल दोन प्रकारे टांगता येते. आडवी टांगल्यास वरच्या दांड्याला दोन आकड्यांचा आधार मिळतो. भिंतीची पावणेदोन मीटर लांबी जाते, पण सायकल खोलीत फार पुढे येत नाही. सोफ्याच्या किंवा चपलांच्या कपाटाच्या वरची मोकळी भिंत त्यासाठी योग्य. लेडीज सायकलीला वरचा आडवा दांडा नसतो. तिच्यासाठी सीटपासून हँडलपर्यंत लावायचा जोडदांडा वापरावा लागतो. कार्बनची चौकट मात्र दांड्याला पकडून आवळू नये.

उभी टांगताना पुढचे चाक आकड्यात अडकवतात. भिंतीवर केवळ हँडलच्या रुंदीएवढी जागा लागते, मात्र सायकल सुमारे एक मीटर पुढे येते. त्यामुळे ती कोपऱ्यात बरी, अरुंद मार्गिकेत नाही. मागचे चाक जमिनीवर ठेवून पुढचे वर ढकलता येत असल्याने पूर्ण वजन उचलावे लागत नाही, हा तिचा मोठा फायदा. दोन सायकली शेजारी टांगायच्या असतील, तर एक आकडा दुसऱ्यापेक्षा वीस-पंचवीस सेंटीमीटर वर लावावा. हँडल एकमेकांत अडकत नाहीत.

आकड्याइतकीच भिंतही महत्त्वाची. भक्कम विटांची भिंत किंवा काँक्रीटचा खांब भार पेलतो. नव्या इमारतींत हलक्या ठोकळ्यांच्या भिंती असतात. त्यांना त्यांच्यासाठीचेच खास फास्टनर लागतात. जिप्समच्या पार्टिशनवर सायकल टांगू नये. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल चालवू नये; वायर बहुधा तिथूनच गेलेली असते. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडण्याची परवानगी नसेल, तर जमीन आणि छत यांच्यात घट्ट बसणारा खांब किंवा जमिनीवरचा उभा स्टँड हा पर्याय राहतो.

कप्पीने छताला सायकल लावण्याची कल्पना आकर्षक वाटते. परंतु खोलीची उंची साधारण पावणेतीन मीटर असते. त्यात सायकलीची उंची वजा केली, की खाली उंच माणसाचे डोके आपटावे एवढेच अंतर उरते. शिवाय आकडा थेट स्लॅबमध्ये हवा, पीओपीच्या छतात नव्हे. क्वचित वापरल्या जाणाऱ्या सायकलीसाठीच हा उपाय करावा.

सायकलच आटोपशीर करावी

पॅडल काढून ठेवली, तर सायकल भिंतीला बरीच चिकटून बसते. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे लक्षात ठेवावे. पुढचे चाक काढल्यास लांबीही घटते. मात्र डिस्क ब्रेक असल्यास पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा अडकवावा आणि ब्रेक दाबू नये. अर्थात, ही खटपट महिन्या-दोन महिन्यांनी सायकल काढणाऱ्यांसाठी आहे. रोज चालवणाऱ्यांनी घडीच्या सायकलीचा विचार करावा. लंडनमध्ये अँड्र्यू रिची यांनी १९७५ मध्ये सुरुवात केलेली ब्रॉम्प्टन ही त्यातली प्रसिद्ध. घडी घातल्यावर ती टेबलाखाली सरकते. तिची किंमत मात्र मध्यमवर्गीय खिशाला जड आहे.

पावसाळ्याची तयारी

ओली सायकल घरात आणली, की फरशीवर चिखल आणि साखळीवर गंज ठरलेला. दाराशी जुने पोते किंवा रबरी चटई असावी. साखळी कोरडी पुसून तेलाचे थेंब सोडावेत. बाल्कनीत ठेवायची असल्यास प्लास्टिक पूर्ण गुंडाळू नये. आतली दमट हवा बाहेर पडत नाही. मुंबईसारख्या शहरात खाऱ्या वाऱ्यामुळे हा त्रास अधिक.

जिना मात्र नको

घरात जागा नाही म्हणून सायकल जिन्याच्या वळणावर कुलूप लावून ठेवली जाते. शेजारी संकोचाने बोलत नाहीत. परंतु धुराने भरलेल्या अंधाऱ्या जिन्यात आडवे आलेले हँडल जिवावर बेतू शकते. महाराष्ट्रात २००६ च्या अधिनियमाने आगप्रतिबंधक उपायांची जबाबदारी इमारतीचे मालक आणि भोगवटादार यांच्यावर टाकली आहे. सुटकेचा मार्ग मोकळा ठेवणे हा त्यातला पहिला धडा. विजेवरच्या सायकलीची बॅटरीही बाहेर पडण्याच्या दाराजवळ किंवा रात्रभर चार्जिंगला लावू नये.

यावर खरा तोडगा तळमजल्यावर आहे. एका मोटारीची जागा साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर असते. प्रत्येकी ६० सेंटीमीटर रुंदी धरली, तर त्यात आठ सायकली शेजारीशेजारी उभ्या राहतात आणि बाहेर काढायला वाटही उरते. नेदरलँड्समध्ये नव्या घरासोबत सायकल ठेवण्याजोगी कोठी बांधण्याची सक्ती २००३ मध्ये उठवण्यात आली होती. २०१२ मध्ये ती पुन्हा लागू करावी लागली. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. शहरातल्या मार्गांचे काय व्हायचे ते होवो; आपल्या इमारतीतल्या एका जागेवर चर्चा करण्यासाठी सोसायटीची पुढची सर्वसाधारण सभा पुरेशी आहे.

तोवर घरातल्या जागेची एक साधी परीक्षा घ्यावी. काहीही न हलवता सायकल एका मिनिटात दाराबाहेर येते का? येत असेल, तर जागा योग्य आहे. नसेल, तर ती कितीही नीटनेटकी दिसली तरी सायकल चालवली जाण्याची शक्यता कमीच.