बोरूची शाई, पेनची शाई
पेशवेकालीन मोडी कागद वाचताना मी दर वेळी थक्क होतो. अडीचशे वर्षं उलटली तरी अक्षर काळंभोर! ती शाई दिव्याच्या काजळीची, डिंकाच्या पाण्यात तासन्‌तास खललेली. काजळीचा कण उन्हाने विटत नाही. बोरूला ती मानवली. फाउंटन पेनात मात्र निबेखालच्या बारीक खाचेत डिंक वाळला की पेन बसलंच. म्हणून पेनसाठी पाण्यात पूर्ण विरघळणाऱ्या रंगाची शाई लागली. १९३१ मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड आणि वड्या काढल्या. पुढे त्यांचीच ‘कॅमल’ घरोघरी पोचली. नातीच्या पहिल्या पेनसाठी मी अशीच साधी काळी शाई घेतली. पेन नुसत्या पाण्याने धुता येतं. वहीवर पाणी सांडू देऊ नकोस, एवढं तिला बजावलंय.