सोल फूड म्हणजे काय? आणि या जेवणासोबत गाणं का असतं?

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात 'सिल्व्हियाज' नावाचं एक रेस्टॉरंट आहे. तळलेलं चिकन आणि कॉर्नब्रेडसाठी ते जितकं प्रसिद्ध, तितकंच रविवारच्या 'गॉस्पेल ब्रंच'साठीही. गॉस्पेल म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चमधली भक्तिगीतं. लोक जेवत असतात आणि बाजूला गाणं सुरू असतं.

अमेरिकेतल्या अनेक शहरांत अशी सोल फूड रेस्टॉरंट्स आहेत. कुठे गॉस्पेल, कुठे जॅझ, कुठे ब्लूज. पण हे गाणं फक्त गिऱ्हाईक खेचण्यासाठी आलेलं नाही. त्यामागे मोठा इतिहास आहे.

सोल फूड म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतल्या कृष्णवर्णीयांचं, त्यांनी स्थलांतर करताना शहरांत नेलेलं जेवण म्हणजे सोल फूड. हे नाव 1960 च्या दशकात रूढ झालं. त्या काळात कृष्णवर्णीय समाज आपलं संगीत, आपली माणसं आणि आपली संस्कृती यांच्यासाठी 'सोल' हा शब्द अभिमानाने वापरू लागला होता. जेवणालाही तेच नाव मिळालं.

ताटात साधारण एक मांसाहारी पदार्थ आणि त्यासोबत दोन-तीन 'साइड्स' असतात. तळलेलं चिकन, तळलेला मासा किंवा ग्रेव्हीत शिजवलेलं डुकराचं मांस. सोबत कोबीच्या कुळातल्या कोलार्डची पालेभाजी, चवळी, साखर-लोण्यात शिजवलेली रताळी, मॅकरोनी अँड चीज आणि मक्याच्या पिठाचा कॉर्नब्रेड. पालेभाजी शिजवून उरलेलं पाणीही टाकत नाहीत. त्यात कॉर्नब्रेड बुडवून खातात. शेवटी रताळ्याचा पाय किंवा पीचचा कॉबलर.

यातले काही पदार्थ आपल्याला परके नाहीत. चवळी मूळची आफ्रिकेतली. ती आपल्या उसळीत आली, तशीच गुलामांच्या व्यापारातून अमेरिकेतही पोचली. भेंडीही तिथे याच वाटेने गेली. 'गम्बो' या प्रसिद्ध रश्श्याचं नाव भेंडीसाठीच्या आफ्रिकी शब्दावरून आलं, असं मानलं जातं.

हे गुलामांचं उरलंसुरलं अन्न होतं का?

ही समजूत अर्धवट आहे. मळ्यांवरच्या गुलामांना प्रामुख्याने मक्याचं पीठ आणि खारवलेलं डुकराचं मांस मोजून मिळायचं. मालकांना नको असलेले प्राण्याचे भागही त्यांच्या वाट्याला येत. डुकराची आतडी, म्हणजे 'चिटलिन्स', आजही सोल फूडमध्ये आहेत. शाहू पाटोळे यांचं मराठवाड्यातल्या दलित खाद्यसंस्कृतीवरचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' वाचलेल्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.

पण तळलेलं चिकन, केक, पाय हे रोजचे पदार्थ नव्हते. ते रविवारचे आणि सणाचे होते. रोजच्या जेवणात पालेभाज्या, कडधान्यं आणि मका जास्त असे. चर्च सुटल्यावर पाद्री जेवायला यायचे, तेव्हा कोंबडी शिजायची. म्हणूनच कोंबडीला गमतीने 'गॉस्पेल बर्ड' म्हटलं जायचं.

इथेच गाण्याचा संबंध लागतो. सोल फूड रेस्टॉरंटचा मेनू म्हणजे बराचसा गावाकडच्या रविवारचा मेनू, आणि त्या रविवारची सुरुवात गाण्याने व्हायची.

गाणं हॉटेलात कसं आलं?

साधारण 1910 ते 1970 या काळात सुमारे 60 लाख कृष्णवर्णीयांनी दक्षिण सोडली आणि न्यूयॉर्क, शिकागो, डेट्रॉइटसारख्या शहरांत वस्ती केली. या 'ग्रेट मायग्रेशन'मध्ये जेवण आणि गाणं दोन्ही त्यांच्यासोबत गेलं. एकट्याने राहणाऱ्या कामगाराला गावाकडची चव आणि गावाकडचा सूर एकाच ठिकाणी मिळाला, तर ते हवंच होतं.

दुसरं कारण वर्णभेदाचं. दक्षिणेत गोऱ्यांच्या हॉटेलांमध्ये कृष्णवर्णीयांना बसून जेवता येत नसे. ज्या क्लबमध्ये कलाकार रात्री गायचे, तिथेच त्यांना जेवण नाकारलं जाण्याचे प्रसंग येत. त्यामुळे कृष्णवर्णीय कलाकारांना सुरक्षितपणे गाता येईल अशा थिएटर आणि क्लबांची एक साखळीच तयार झाली. तिचं नाव होतं 'चिटलिन सर्किट', त्याच आतड्यांच्या पदार्थावरून पडलेलं. बी. बी. किंग, रे चार्ल्स, जेम्स ब्राऊन या साखळीतूनच पुढे आले.

अटलांटातलं 'पास्कल्स' हे याचं ठळक उदाहरण. जेम्स आणि रॉबर्ट पास्कल या भावांनी 1947 मध्ये ते सुरू केलं. तळलेल्या चिकनचं सँडविच ही त्यांची खासियत. पुढे त्यांनी 'ला कॅरोसेल' हा जॅझ क्लब जोडला. तिथे अरेथा फ्रँकलिन, डिझी गिलेस्पी गाऊन-वाजवून गेले. वर्णभेद कायद्याने चालू असतानाही तिथे काळे आणि गोरे श्रोते एकत्र बसत. मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांचे सहकारी नागरी हक्क चळवळीच्या बैठका याच रेस्टॉरंटमध्ये घेत. सार्वजनिक ठिकाणचा वर्णभेद बेकायदा ठरला तो 1964 च्या कायद्याने.

मग आज अडचण काय आहे?

पहिला वाद आरोग्याचा. सणाचं जेवण रोजचं झालं की मीठ, साखर आणि तेल वाढतं. 'नेशन ऑफ इस्लाम'चे एलायजा मुहम्मद यांनी 1960 च्या दशकातच अशा जेवणाला, विशेषतः डुकराच्या मांसाला, कडाडून विरोध केला. आज अनेक ठिकाणी डुकराऐवजी धुरावलेली टर्की वापरतात. संपूर्ण शाकाहारी, 'व्हीगन' सोल फूडही मिळतं.

दुसरी अडचण वस्तीची. सिल्व्हिया वूड्स या वेट्रेसने 1962 मध्ये ती काम करत होती तेच छोटं हॉटेल विकत घेतलं. त्यासाठी तिच्या आईने दक्षिण कॅरोलायनातली शेती गहाण ठेवली. सिल्व्हियाज टिकलं, वाढलं. पण त्याच हार्लेममधलं, गॉस्पेल ब्रंचसाठी नावाजलेलं 'कोपलँड्स' 2007 मध्ये बंद झालं. भाडी वाढली की जुनी कुटुंबं वस्ती सोडतात आणि रोजचं गिऱ्हाईक जातं. पर्यटक रविवारी येतात, पण मंगळवारी रात्री जेवायला येतात ते शेजारीच. ते गेले की स्वयंपाकी आणि वादक दोघांचाही रोजगार जातो.

तुम्ही गेलात तर काय लक्षात ठेवाल?

शाकाहारी असाल तर आधी विचारा. पालेभाजी आणि चवळीतही बहुतेकदा मांस घातलेलं असतं. कॉर्नब्रेड आणि पायमध्ये डुकराची चरबी असू शकते.

गाण्याच्या दिवशी काही ठिकाणी वेगळं शुल्क लागतं, तेव्हा आधी चौकशी करून टेबल राखून ठेवा. अमेरिकेत वेटरला साधारण 18 ते 20 टक्के टिप देतात. वादकांसाठी वेगळी बरणी ठेवलेली असेल, तर त्यातही काही टाका.

आणि गप्प बसून ऐकायची गरज नाही. या संगीतात गायकाने हाक द्यायची आणि ऐकणाऱ्यांनी उत्तर द्यायचं, अशी रीत आहे. टाळ्या वाजवणं, दाद देणं हे इथे अपेक्षितच असतं. मात्र गॉस्पेल सुरू असेल तर ती अनेकांसाठी प्रार्थना आहे, हे भान ठेवा. समोर मोबाईल धरण्याआधी विचारलेलं बरं.

जमलं तर रविवारची गर्दी टाळून आठवड्यातल्या एखाद्या साध्या दिवशी जा. अशी ठिकाणं टिकतात ती त्याच दिवसांवर.