कातळावर बोल्डरिंगला जाताना: फुरसे, विंचू आणि पडण्याच्या दुखापती

मुंबई-पुण्यात शिकणारी मुले हल्ली तिकडच्या कृत्रिम भिंतींवर चढायला शिकतात आणि सुट्टीत रत्नागिरीला घरी आली की सड्यावरचे खडक त्यांना दिसू लागतात. बोल्डरिंग म्हणजे दोर न लावता कमी उंचीच्या खडकावर चढणे. खाली जाड गादी म्हणजे क्रॅश पॅड अंथरलेले असते आणि पडणाऱ्याला सावरायला एक-दोन साथीदार उभे असतात. २०१६ आणि २०१७ साली नवी मुंबईत या खेळाची विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा हे खूळ नाही, रीतसर खेळ आहे. पालक दवाखान्यात येऊन "पाठवू का नको?" असे विचारतात, तेव्हा मी नाही म्हणत नाही. मात्र शहरातल्या भिंतीवर नसलेली एक गोष्ट आपल्या कातळावर आहे, ती त्यांना सांगतो: इथे हात घालायची प्रत्येक भेग कुणाचे तरी घर असू शकते.

फुरसे कुठे असते?

रत्नागिरी जिल्हा फुरशासाठी पूर्वीपासून ओळखला जातो. ब्रिटिश काळात इथे फुरसे मारून आणणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे. साप लहान, साधारण एक ते दीड फुटाचा. रंग तपकिरी, अंगावर फिकट ठिपके. जांभ्या दगडावर बसला तर दोन हातांवरूनही दिसत नाही. सैल दगडाखाली, कपारीत, वाळल्या गवताच्या बुडाशी तो असतो. डिवचले तर अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखी खरखर करतो. ती ऐकू आली तर आहे तिथे थांबावे, साप कुठे आहे ते पाहावे आणि मग मागे सरावे.

चढणाऱ्याचा हात डोक्याच्या वर, न दिसणाऱ्या कडेवर जातो. खरा धोका तिथेच. म्हणून चढाई सुरू करण्याआधी खडकाला पूर्ण वळसा घालावा, वरच्या बाजूने जाता येत असेल तर माथा आणि माथ्याजवळच्या भेगा वरून बघून घ्याव्यात, काठीने ठोकून पाहावे. अंधाऱ्या भेगेत बॅटरीचा झोत टाकल्याशिवाय बोटे घालू नयेत. पॅड अंथरण्यापूर्वी खालचे सैल दगड हाताने नव्हे, काठीने किंवा बुटाने हलवावेत. पॅड उचलताना आपल्यापासून दूरची कड आधी वर करावी. चढाईचे बूट उतरवून अनवाणी फिरण्याची सवय या खेळात फार आहे. सड्यावर ती नको. फुरसे मुख्यतः संध्याकाळनंतर हिंडते, त्यामुळे सूर्य मावळायच्या आत सामान आवरून गाडीपाशी यावे. थंडीच्या सकाळी ते उन्हाला बाहेर येऊन बसते, हेही लक्षात असू द्या.

चावलेच तर

चावलेला हात किंवा पाय हलवू नये. लाकडी पट्टी, नाहीतर गुंडाळलेले वर्तमानपत्र लावून तो सैलसर बांधावा. अंगठी, कडे, घड्याळ आणि बोटांना गुंडाळलेली चिकटपट्टी लगेच काढावी, कारण सूज चढते. दोरीने आवळणे, चिरा देणे, चोखणे, बर्फ लावणे, यातले काहीही करू नये. फुरशाच्या दंशात आवळपट्टीने तो भागच निकामी होऊ शकतो. रुग्णाला चालवू नये. पॅडचाच स्ट्रेचर करून उचलून आणता येते. साप मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नका. दुखते म्हणून ॲस्पिरिन, आयब्रुफेन, डायक्लोफिनॅकसारखी गोळी देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढतो.

या सापाचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती संपवते. फसगत होते ती इथे. चावल्याजागी थोडी सूज, थोडी आग, मुलगा बोलतो आहे, हसतो आहे, म्हणून घरचे "विषारी नसेल" असे म्हणून थांबतात. काही तासांनी हिरड्यांतून रक्त येते, लघवी लाल होते, आणि चढाई करणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक खूण दिसते: खडकाने सोललेली बोटे, जी दुपारीच सुकली होती, ती पुन्हा वाहू लागतात. तोपर्यंत थांबू नये. शंका आली तरी रुग्णालय गाठावे आणि निदान २४ तास देखरेखीखाली राहावे.

रुग्णालयात आम्ही एक साधी तपासणी करतो. सुमारे दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतो. नळी कलती केल्यावर रक्त पातळच वाहिले, तर प्रतिविष सुरू करायचे. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते, त्यामुळे साप ओळखता आला नाही म्हणून उपचार अडत नाहीत. सुरुवातीला साधारणपणे ८ ते १० व्हायल शिरेतून देतात, लहान मुलांनाही तेवढ्याच, कारण साप मूल पाहून कमी विष सोडत नाही. सहा तासांनी रक्त पुन्हा तपासून पुढचे ठरते. या औषधाची तीव्र ॲलर्जी येऊ शकते, म्हणून ते डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायचे असते.

जागा निवडताना म्हणूनच मी खडकाच्या उंचीपेक्षा रस्ता आधी विचारतो. गाडीपर्यंत किती मिनिटे चालायचे? फोनला रेंज आहे का? जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आज प्रतिविष आहे का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारले का? तिथून रत्नागिरीच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात पोहोचायला किती वेळ लागेल? १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, पण सड्यावरची जागा त्यांना सांगता आली पाहिजे. जवळच्या वाडीचे, देवळाचे नाव लिहून ठेवा आणि एखाद्या गावकऱ्याला आपण आल्याचे सांगून ठेवा. ही उत्तरे नसतील तर तो खडक सोडून द्यावा.

विंचू

जांभ्याच्या भोकाभोकांत लाल विंचूही राहतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या विंचवाच्या दंशावर आयुष्यभर काम केले आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध त्यावर किती उपयोगी आहे हे जगाला दाखवून दिले; २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नुसती वेदना असेल तर सहसा काळजीचे नसते. पण उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणे, मुलग्यांमध्ये लिंगाला ताठरता, ही विष हृदयापर्यंत पोहोचल्याची लक्षणे आहेत, मग दंशाची जागा फारशी दुखत नसली तरी. पुढे फुप्फुसात पाणी होऊन दम लागतो. लहान मुलाला विंचू चावला तर लक्षणांची वाट न पाहता निघावे. प्राझोसिन घरी आपल्या मनाने देऊ नये, रक्तदाब एकदम उतरू शकतो.

पडणे, खरचटणे, ऊन

संख्येने पाहिले तर या खेळात सर्वाधिक दुखापती पडूनच होतात: घोटा, मनगट, कोपर. जांभा खरबरीत असल्याने पकड छान मिळते, पण त्याच्या कडा ठिसूळ असतात, विशेषतः पावसानंतर ओल मुरलेली असताना. जोर लावण्याआधी कड ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर ती सोडा. दोन पॅडच्या फटीत पाय गेला की घोटा मुरगळतो. पडल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढावा. चोळून घेऊ नये. डोक्याला मार लागून उलटी झाली, मूल सुस्त वाटले, तर त्याच रात्री दाखवावे.

सड्यावर सावली नसते, आणि किनाऱ्याच्या दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. मे महिना टाळाच. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ बरा. अर्ध्या दिवसाला माणशी तीन लिटर पाणी आणि ओआरएसची पाकिटे ठेवा. खडकाच्या कपारीला आग्या मोहोळ दिसले तर त्या बाजूला फिरकू नका, धूर किंवा दगड तर नकोच.

सपाट कातळावर जिथे कातळशिल्पे आहेत, तिथे पॅड ओढू नयेत आणि खडूची पूड सांडू नये, हे वैद्यकीय नसले तरी सांगून ठेवतो. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे इथली ती शिल्पे एकदा झिजली की परत येणार नाहीत.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी, फिट येणाऱ्यांनी आणि मधुमेहामुळे तळपायाची संवेदना कमी झालेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. सोललेली बोटे घरी आल्यावर साबण-पाण्याने धुऊन कोरडी करा. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले ते आठवत नसेल, तर जाण्याआधीच घेऊन टाका.