उणे चाळीसमधला नळ

मंडळी, नळाला पाणी आलं नाही की आपण टँकर बोलावतो. पण पाणी आहे आणि ते पाइपातच गोठून बसलंय, असं झालं तर? कॅनडाच्या उत्तरेत ही दर हिवाळ्याची काळजी असते. आजची गोष्ट तिथल्या पाइपांची.

1950 च्या दशकात मॅकेन्झी नदीच्या मुखाजवळच्या अक्लाविक गावाला पूर आणि खचणारे काठ यांनी हैराण केलं. म्हणून सरकारने इनुविक नावाचं नवं गाव वसवलं. पण जमीन बारा महिने गोठलेली! थंड पाइप पुरला तर पाण्याचा बर्फ होणार. गरम पाइप पुरला तर भोवतालची जमीन वितळून खचणार. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी पाणी, सांडपाणी आणि हीटिंगचे पाइप एका उबदार पेटीत घालून जमिनीच्या वर खांबांवरून नेले. ही पेटी म्हणजे युटिलिडोर. उपाय चालला, पण घराघरांमधून पेट्यांचं जाळं पसरलं.

दुसरा उपाय प्रयोगशाळांमधून आला. 1933 मध्ये इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत फॉसेट आणि गिब्सन यांना भलताच प्रयोग करताना एक पांढरा मेणचट पदार्थ सापडला, तो पॉलिथिन. 1937 मध्ये जर्मनीत ऑटो बायर यांनी पॉलियुरेथेन शोधलं. 1950 च्या दशकात अमेरिकेत होगन आणि बँक्स, जर्मनीत कार्ल झीग्लर यांनी कमी दाबावर कडक, दाट पॉलिथिन बनवलं. गंमत म्हणजे ह्या नव्या प्लॅस्टिकला सुरुवातीला मोठं गिऱ्हाईक मिळालं ते 1958 च्या हुला हूपच्या वेडामुळे. म्हणजे गोल वळवलेला पाइपच की तो :-)

मग हे सगळं एकत्र आलं: आत दाट पॉलिथिनचा पाइप, त्याभोवती पॉलियुरेथेनचा फोम, वरून टणक आवरण. आता पाइप उथळ पुरता येतो. इकालुइतमध्ये अशा पाइपांतून कोमट केलेलं पाणी सतत फिरत ठेवतात.

इतिहास बहुतेक वेळा इथेच संपवतात. पण खरी परीक्षा पुढे आहे, ती जोडाची. दोन टोकं रंधून सपाट करायची, 200 ते 230 अंशांच्या तव्यावर वितळवायची, तवा काढून लगेच एकमेकांवर दाबायची आणि थंड होईपर्यंत हलवायचं नाही. ना रबर, ना बोल्ट. जोड नीट बसला तर तो पाइपाइतकाच मजबूत!

ऐकायला सोपं आहे. आता हिशोब करू. 400 मिमी व्यासाचा, 36 मिमी जाडीचा पाइप मीटरला सुमारे 40 किलो भरतो. 12 मीटरची लांबी म्हणजे 480 किलो, वर फोम आणि आवरण वेगळं. आणि दोन टोकांमधला फरक चालतो किती? जाडीच्या दहा टक्के, म्हणजे 3.6 मिमी.

मशीनचे जबडे आतला पाइप धरतात, म्हणून टोकांवरचा फोम आधी सोलावा लागतो. मागचा पाइप मात्र आवरणासकट रोलरवर टेकलेला, म्हणजे जाड. रोलरची उंची तो फरक धरून लावली नाही तर टोकं तिरकी भेटतात. शिवाय एवढं वजन पुढे ओढायलाच मशीनचा काही दाब खर्च होतो, त्याला ड्रॅग म्हणतात. तो आधी मोजून जोडाच्या दाबात मिळवायचा असतो. विसरलात तर गेजवरचा आकडा बरोबर आणि टोकांवरचा दाब कमी. बाहेरून जोड छान दिसतो, आतून कच्चा. शेवटी त्या उघड्या जोडावरही फोम आणि आवरण चढवायचं, नाहीतर गोठायला तीच जागा सापडते.

आपल्या धंद्यात दोन्ही मॉड्यूल टेस्ट पास होतात आणि इंटिग्रेशनला सगळं कोसळतं. तिथे मात्र पॅच टाकायचा तर उणे चाळीसमध्ये गोठलेली जमीन खोदावी लागते, आणि तोवर घरात पाणी नसतं.

झीग्लर यांना 1963 मध्ये नोबेल मिळालं, योग्यच मिळालं. पण ते रसायन नळापर्यंत पोचतं का, हे रोलरची उंची दोनदा तपासणाऱ्या आणि जोड थंड होईस्तोवर घाई न करणाऱ्या माणसावर ठरतं. त्याचं नाव कुठल्याच पुस्तकात नसतं.

असो. पुढच्या शनिवारी भेटूच.